पापणीची जखम ही डोळ्याचीच जखम

महाभारतातील नल-दमयंतीची कथा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. स्वयंवराच्या मंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचेच रूप घेऊन बसले होते. पाच नळांतून खरा नळ कसा ओळखायचा? दमयंतीने देवांचीच प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी आपली लक्षणे प्रकट केली. त्यांच्या अंगाला घाम नव्हता, गळ्यातील हार कोमेजले नव्हते, पाय भूमीला टेकत नव्हते आणि पापण्या लवत नव्हत्या. ज्याच्या पापण्या लवत होत्या तो माणूस, तोच नळ. देवांना ‘अनिमिष’ म्हणतात ते याच समजुतीमुळे. निमिष म्हणजे पापणी लवण्यास लागणारा वेळ.

कथाकाराला पापणी ही माणसाची खूण वाटली. आपण मात्र तिला फारशी किंमत देत नाही. डोळ्यांची काळजी म्हटले की आपल्याला मोतीबिंदू, चष्मा, रातांधळेपणा आठवतो. पापणीला जखम झाली, तर घरातील मंडळी म्हणतात, “डोळा वाचला, पापणीवरच निभावलं!” या वाक्यातील सुटकेचा निःश्वास समजण्यासारखा आहे. पण शास्त्रदृष्ट्या ते वाक्य चुकीचे आहे, आणि या चुकीपायी अनेकांना आयुष्यभर त्रास सोसावा लागतो. पापणीची जखम ही कातडीची जखम नसून डोळ्याचीच जखम आहे असे मानून तिच्यावर उपचार झाले पाहिजेत, हे माझे मत आहे. ते का, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे घेऊन सांगतो.

पापणी कोणते काम करते?

प्रथम एक साधा प्रयोग करा. घड्याळ समोर ठेवून आपल्या मित्राच्या पापण्या एका मिनिटात किती वेळा लवतात ते मोजा. मोजतो आहोत हे त्याला सांगू नका, नाहीतर आकडा बदलेल. गप्पा मारताना हा आकडा साधारणपणे पंधरा ते वीस येईल. तोच मित्र पुस्तकात डोके घालून बसला की आकडा बराच उतरेल. मिनिटाला १५ आणि जागेपणाचे १६ तास धरले, तर दिवसाला १४,४०० उघडझापा होतात. इतक्या वेळा हलणारे बिजागर कोणत्याही घराच्या दाराला नसेल.

प्रत्येक उघडझापीत पापणी डोळ्यावर अश्रूंचा थर सारखा पसरते. हा थर मिलीमीटरच्या काही सहस्रांश भागाइतकाच जाड असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तर तो पारदर्शक राहतो. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, याच ओलाव्यात विरघळून मिळतो. ओलावा आटला की पडदा खरखरीत होतो, त्यावर ओरखडे उठतात, जंतू शिरतात आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. म्हणजे पापणी नीट मिटत नसेल, तर धडधाकट डोळासुद्धा हळूहळू निकामी होऊ शकतो.

पापणीचे दुसरे काम म्हणजे अश्रूंचा निचरा. पापणी मिटताना ती बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे, दप्तराची चेन ओढावी तशी, मिटत येते. त्यामुळे वापरलेले अश्रू नाकाकडच्या कोपऱ्यात लोटले जातात. हात स्वच्छ धुवून, आरशासमोर उभे राहून, खालची पापणी नाकाच्या बाजूला अगदी हलकेच खाली ओढा. तिच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही असेच छिद्र असते. तेथून सुमारे १० मिलीमीटर लांबीची आणि एक मिलीमीटरहूनही अरुंद अशी नळी निघते. दोन्ही नळ्या पुढे अश्रूंच्या पिशवीत जातात आणि तेथून एक मोठी नळी नाकात उतरते. रडताना नाक का वाहते आणि डोळ्यात घातलेल्या औषधाची चव घशात का लागते, याचे उत्तर तुम्हाला येथे मिळेल.

कच्चा दुवा कोठे आहे?

पापणी दिसायला नाजूक असली तरी तिची रचना एकावर एक थरांची आहे. सर्वांत बाहेर शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असते. तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. म्हणून मार लागताच पापणी भराभर सुजते आणि डोळा झाकून टाकते. त्वचेखाली डोळा मिटणाऱ्या स्नायूचे कडे आहे. त्याच्या आत चिवट तंतूंची एक पट्टी असते, वरच्या पापणीत सुमारे १० मिलीमीटर उंचीची आणि खालच्या पापणीत त्याच्या निम्म्याने. पापणीला आकार आणि ताठपणा या पट्टीमुळे येतो. पट्टीत तेलाच्या बारीक ग्रंथींची ओळ असते. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली तिचे वर्णन केले. या तेलामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. सर्वांत आत डोळ्याला लागून ओलसर अस्तर असते. याशिवाय वरची पापणी उचलून धरणारा एक स्वतंत्र स्नायू आहे. तो तुटला तर पापणी पडद्यासारखी खाली लोंबते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही चिवट पट्टी पापणीच्या नाकाकडच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. शेवटचा थोडासा भाग तिच्या आधाराशिवायच असतो, आणि नेमकी त्याच भागातून अश्रूंची नळी जाते. साखळी ओढली की ती कच्च्या कडीपाशी तुटते. त्याचप्रमाणे पापणीला बाहेरच्या बाजूने जोराचा हिसका बसला, मग तो कुत्र्याच्या दाताचा असो, गळाचा असो किंवा नुसत्या ठोशाचा असो, ती नाकाजवळ फाटते आणि नळी तुटते. वरून पाहणाऱ्याला अर्ध्या इंचाची चीर दिसते. ‘एवढ्याशा’ जखमेसाठी मोठ्या दवाखान्यात कशाला जायचे, असे त्याला वाटते. जखम भरून येतेही, पण नळीची दोन तोंडे कायमची दुरावतात आणि त्या डोळ्यातून जन्मभर पाणी गळत राहते.

आपल्या भागातील जखमा

सातारा-सांगलीत पापणीला इजा करणाऱ्या गोष्टी रोजच्या कामातल्याच आहेत. पहिला मान उसाचा. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडात कोयते चालतात. उसाच्या पातीच्या कडेला वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म दाते असतात. पात गालावरून घासली तर नुसते ओरखडे उठतात. पापणीवरून घासली तर कड कापते, आणि पापणी मिटायला क्षणाचा उशीर झाला तर बुबुळावर चरा उमटतो. अशा चऱ्यातून बुरशी शिरली, तर तो रोग साध्या जंतूंच्या रोगापेक्षा अधिक चिवट ठरतो.

दुसरे कारण बैलाचे शिंग. माणदेशापासून आटपाडी-जतपर्यंतचा टापू खिलार जनावरांचा. खिलार बैलाची लांब, मागे वळून वर गेलेली शिंगे ही त्याची शोभा. बेंदराच्या सणाला आपण ती हौसेने रंगवतो. परंतु बैल चेहऱ्यावर बसलेली माशी उडवण्यासाठी सहज मान झटकतो, आणि त्याच वेळी कोणी वैरण टाकायला वाकलेला असतो. यात बैलाचा राग नसतो आणि माणसाचा गुन्हाही नसतो. मात्र टोकदार शिंग पापणीत अडकून वर जाते तेव्हा पापणी आतल्या थरांसह उसवते.

तासगाव, पलूस भागातील द्राक्षबागांच्या मांडवाच्या ताणलेल्या तारा हे तिसरे कारण. तार तुटली की तिचे टोक चाबकासारखे उलटते. विट्याच्या यंत्रमागावर धोटा उडतो. कारखान्यात घासणीच्या चाकावरून ठिणगी येते. पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात झाला की पट्टा न बांधलेल्या प्रवाशाचा चेहरा पुढच्या काचेवर आदळतो. इंग्लंडमध्ये १९८३ साली पुढच्या आसनावरील प्रवाशांना पट्टा सक्तीचा झाल्यानंतर अपघातात डोळे जायबंदी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे उतरले, हे येथे लक्षात ठेवावे. आणि तुमच्या वयाच्या मुलांची कारणे तुम्हीच सांगाल : विटी-दांडूची विटी, गलोलीचा खडा, सायकलच्या ब्रेकची दांडी, दिवाळीचा फटाका आणि गल्लीतले कुत्रे.

हळदीचा प्रश्न

जखम झाली की पहिली धाव कोठे जाते? स्वयंपाकघरात. सांगली ही तर हळदीची पेठ. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठवली गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा मुलखात रक्त दिसताच चिमूटभर हळद दाबली जाणे स्वाभाविकच आहे. हळद घरात नसेल तर चहापूड, तंबाखू किंवा दगडीपाल्याचा रस.

येथे काही वाचक म्हणतील, “हळदीची जंतुनाशक शक्ती शास्त्रज्ञांनीच मान्य केली आहे ना? मग अमेरिकेच्या पेटंटविरुद्ध आपण भांडलो ते कशासाठी?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर हे प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. परंतु तो वाद कशाचा होता? हा उपयोग नवा शोध आहे काय, एवढाच प्रश्न तेथे होता. तो आपल्या आजीबाईंना शतकानुशतके ठाऊक होता हे सिद्ध झाले, म्हणून पेटंट गेले. प्रत्येक जखमेत हळद भरावी असा निकाल कोणी दिलेला नाही. एखादी गोष्ट जुनी असणे आणि ती प्रत्येक ठिकाणी उपयोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेत हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य काही जंतूंची वाढ रोखते, हे खरे. परंतु डब्यातील हळदपूड म्हणजे शुद्ध कुर्क्युमिन नव्हे. हळकुंड मातीत वाढते, अंगणात वाळते, गिरणीत दळले जाते आणि त्याच्या डब्यात दिवसातून दहा वेळा चमचा जातो. तिची पूड निर्जंतुक नसते. बोटाच्या लहानशा चिरेत ती घातली आणि जखम बरी झाली, तर पुष्कळदा ती हळदीविनाही बरी झाली असती. पापणीची गोष्ट निराळी आहे. एक तर पुडीचे कण पापणीखाली जाऊन प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासले जातात. दुसरे असे, की पिवळ्या लगद्याने माखलेल्या जखमेच्या कडा शस्त्रक्रिया करणाऱ्याला ओळखता येत नाहीत. मिलीमीटरहून अरुंद नळीचे तुटलेले तोंड अशा चिखलात कसे शोधायचे? हळदीचा अभिमान अवश्य बाळगा. पण ती डोळ्याजवळच्या जखमेत घालू नका.

चुन्याचे प्रकरण

आपल्याकडे तंबाखू मळणारांच्या खिशात चुन्याची पुडी किंवा नळी असते. लहान मूल ती दाबून पाहते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. ही इजा कापल्या-फाटल्याची नव्हे, भाजल्याची आहे, आणि हे भाजणे विस्तवाच्या भाजण्याहूनही फसवे आहे. आम्लाने पेशींतील प्रथिने गोठतात आणि त्यांचा थर पुढे जाणाऱ्या आम्लाला काही प्रमाणात अडवतो. चुन्यासारखा अल्कली मात्र पेशींतील मेद विरघळवत आत आत उतरत राहतो. पापणीच्या अस्तराची आणि डोळ्याची अशी दोन सोललेली पृष्ठे समोरासमोर आली, तर ती एकमेकांस चिकटून बसतात आणि डोळा हलेनासा होतो.

येथे एकच औषध आहे आणि ते घरोघर आहे : स्वच्छ पाणी. दवाखान्याकडे धावण्यापूर्वी, जागच्या जागी, पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास सतत पाण्याची धार सोडावी. साधे पिण्याचे पाणी चालते. पापणीखाली चुन्याचे कण अडकले असतील तर ते डॉक्टर पापणी उलटवून काढतील. पहिली पाच मिनिटे पाण्याविना गेली, तर नंतरची उत्तम शस्त्रक्रियाही त्यांची पुरती भरपाई करू शकत नाही.

टाके कोणी घालावेत?

पापणीला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे बारीकशा धाग्यावर लोंबणारा तुकडासुद्धा पुष्कळदा जगतो. म्हणून फाटलेला भाग कापून टाकू नये. तुटून पडलेला तुकडा ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावा. दुसऱ्या बाजूने पाहता, हीच पापणी चुकीच्या टाक्याला क्षमा करत नाही. कडेचे दोन भाग केसभर वरखाली जोडले गेले, तर तेथे खाच राहते. त्या खाचेतून डोळा उघडा पडतो, नाहीतर पापणीचे केस आत वळून बुबुळावर टोचतात.

नळी तुटली असेल तर नेत्रतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तिची दोन्ही तोंडे शोधून काढतात, त्यांतून सिलिकोनची मऊ बारीक नळी ओवतात आणि तिच्याभोवती जखम शिवतात. ही नळी काही महिने आत ठेवून मग काढतात. हे काम इजा झाल्यापासून एक-दोन दिवसांत झाले तर उत्तम. पुढे जखम आखडू लागते आणि तुटलेले तोंड सापडत नाही. म्हणून गावातील दवाखान्यात घाईने दोन टाके घालून घेण्यापेक्षा जखम स्वच्छ झाकून, धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन, नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात जाणे शहाणपणाचे. काही तासांचा उशीर चालतो, आठवड्याचा चालत नाही. शिवाय पापणीच्या प्रत्येक जखमेमागे डोळ्याचे बुबुळही फुटलेले असू शकते. म्हणून डोळा तपासल्याशिवाय पापणी शिवू नये, हा नियमच आहे.

कुत्रा चावला असेल तर आणखी एक धोका असतो, तो रेबीजचा. चेहऱ्याचा चावा मेंदूजवळचा असल्याने सर्वांत गंभीर समजला जातो. जखम वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. साबण लावावा, पण तो डोळ्यात जाऊ देऊ नये. लस तर हवीच, त्याशिवाय रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेत दिल्यानंतरच टाके घालावेत.

अंतर आणि मजुरी

“हे सारे खरे, पण जमायचे कसे?” असे कोणी विचारील. दक्षिण महाराष्ट्र वैद्यकीय सोयींच्या बाबतीत अगदीच मागासलेला नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ साली उघडले आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगली, सातारा, कऱ्हाड येथे मोठी रुग्णालये आहेत. अडचण आहे ती पाटणच्या डोंगरातील किंवा जतच्या पूर्व टोकाकडील माणसाची. त्याहूनही मोठी अडचण ऊसतोडणी मजुराची. तो परजिल्ह्यातून आलेला असतो, पैसे उचल म्हणून आधीच घेतलेले असतात आणि मजुरी टनावर ठरलेली असते. एक दिवस दवाखान्यात गेला की दोन माणसांची मजुरी बुडते, कारण बरोबर कोणीतरी लागतेच. तो हळद लावतो ती केवळ अज्ञानामुळे नव्हे. हळद लावून परत फडात जाता येते, म्हणूनही तो ती लावतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात विनामूल्य मिळते, हे तरी फडाफडावर सांगितले गेले पाहिजे.

शिवाय पुढचा तोटा कोण मोजतो? डोळ्यातून सतत पाणी गळणारा माणूस दिवसभर पदराने किंवा उपरण्याने डोळा पुसत असतो. सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. सैन्यभरतीच्या तपासणीत असा गळणारा डोळा नापास होण्याचे कारण ठरू शकतो. वेडीवाकडी जुळलेली पापणी असलेल्या मुलीला पाहुणे काय म्हणतात आणि शाळेतील मुले तिला कोणत्या नावाने हाका मारतात, ते येथे लिहिण्याची गरज नाही. दृष्टी शाबूत असते, पण माणूस मान खाली घालून बोलू लागतो.

न मोजलेले दुःख

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीच्या एकवीस रोगांची स्वतंत्र गणना केली आहे. पापणीचा वेगळा विचार करावा लागतो हे आपल्या पूर्वजांना कळले होते. आज आपण अंधत्वाची पाहणी करतो, तेव्हा फक्त नजर मोजतो. २०१७ पासून आपल्या देशात लागू असलेल्या व्याख्येप्रमाणे, चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर त्या व्यक्तीस अंध म्हणतात. ही व्याख्या अंधत्वासाठी योग्यच आहे. परंतु ज्याची पापणी मिटत नाही किंवा ज्याचा डोळा गळतो, पण ज्याला दिसते, तो या मोजणीत कोठेच येत नाही.

मोजल्याने काय होते ते खुपऱ्यांच्या रोगावरून दिसते. या रोगात पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण पडतात, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळ घासून घासून माणसाला आंधळे करतात. म्हणजे तेथेही खरा घाव पापणीवरच असतो. देशाने १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, रुग्ण शोधले, मोजले, औषधे दिली, तोंड धुण्याची सवय शिकवली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जाहीर केले. पापणीच्या एका रोगाबाबत जे साधले, ते पापणीच्या जखमांबाबत साधायला काय हरकत आहे?

कोणी काय करावे?

साखर कारखान्यांनी तोडणी मजुरांना डोळ्यांचे संरक्षक चष्मे द्यावेत. प्लॅस्टिकचे चष्मे घामाने धूसर होतात आणि मजूर ते काढून ठेवतो, हे खरे आहे. म्हणून बारीक तारेच्या जाळीचे चष्मे द्यावेत. त्यांवर वाफ धरत नाही. बैल बाळगणाऱ्यांनी शिंगांच्या टोकांना बोथट, गोल शेंब्या केवळ बेंदरापुरत्या न ठेवता वर्षभर बसवाव्यात.

शिक्षकांना माझी विनंती दोन गोष्टींची आहे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर एक कागद चिकटवावा : डोळ्याजवळच्या जखमेत काही भरू नये, डोळा दाबू नये, रुतलेली वस्तू ओढून काढू नये, कागदी पेला उलटा धरून जखम झाकावी, चुना किंवा औषध उडाले तर आधी पाणी, मग दवाखाना, लहान मुलास भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने वाटेत खाऊ घालू नये. आणि ज्याच्या पापणीवर व्रण आहे अशा विद्यार्थ्याला टोपणनावाने हाक मारण्याची वर्गात बंदी असावी.

विद्यार्थ्यांनी करायचे काम अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या गावात गेल्या वर्षभरात डोळ्याला किंवा पापणीला झालेल्या जखमांची एक वही करा. माणसाचे नाव लिहू नका. एवढेच लिहा : वय, कशाने लागले, जखमेवर प्रथम काय लावले, डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती तास लागले, आणि आज तो डोळा पूर्ण मिटतो काय, त्यातून पाणी गळते काय. एका शाळेची वही म्हणजे फार मोठे संशोधन नव्हे. पण सातारा-सांगलीच्या पन्नास शाळांनी अशा वह्या भरल्या आणि त्या आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दाखवल्या, तर जाळीचे चष्मे आधी कोणत्या फडात न्यायचे आणि रुग्णवाहिका कोणत्या वाडीपर्यंत पोहोचत नाही, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. शाळेला सुट्टी लागेल तेव्हा ऊसतोडणीचा हंगामही संपत आलेला असतो. वहीची पहिली पाने भरायला तीच वेळ सोयीची आहे.